पाच होड्यांचा हिशेब : धरमतर खाडीचा इतिहास आणि आपली मुले

मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता पेण ओलांडून वडखळला येतो आणि तेथे अलिबागचा फाटा फुटतो. एस. टी. थांबते, प्रवासी चहा घेतात, गाडी सुटते. या नाक्यावर उभ्या असलेल्या शंभर माणसांपैकी नव्वदांना हे गाव रस्त्याचे गाव वाटते. परंतु रस्ता हा येथला अलीकडचा पाहुणा आहे. त्यापूर्वी शेकडो वर्षे या मुलखाचा राजमार्ग म्हणजे जवळून वाहणारी आंबा नदी आणि तिची धरमतरची खाडी. 'धरमतर' या शब्दाची फोड केली तरी तेच दिसते. 'तर' म्हणजे माणसांना पैलतीरी नेणारी होडी, आणि 'धरम' म्हणजे दान-पुण्य.

या खाडीच्या काठी आणि एकंदर कोकण किनाऱ्यावर आपल्या समाजातील पुष्कळ घराण्यांची ओळख होड्यांवरून होत असे. 'त्यांच्या दारी पाच होड्या आहेत' असे म्हटले की सोयरिकीची निम्मी बोलणी झाली! आज नव्या पिढीला प्रश्न पडतो की एका घराला इतक्या होड्या हव्यातच कशाला? एक चांगले मोठे गलबत का घेतले नाही? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याच्या उत्तरात आपल्या पूर्वजांचे शहाणपण आहे आणि त्यांची एक चूकही आहे. दोन्हींचा आज आपल्या मुलांच्या तालमीशी संबंध आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

किनाऱ्यावरील जुने नाते

अरब प्रवासी अल-मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला. त्या काळी अरब त्या बंदराला सैमूर म्हणत. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी आपले लोक या किनाऱ्यावर व्यापारी व दर्यावर्दी म्हणून नांदत होते. त्याच्या खुणा भाषेत अजून आहेत. बंदर, खलाशी, सारंग हे शब्द फारसी-अरबीतून आलेले. 'नाखुदा' म्हणजे नावेचा धनी, आणि कोळी बांधवांच्या तोंडचा 'नाखवा' तो हाच. ज्या मोसमी वाऱ्यांवर सारा व्यापार चाले त्यांचे नावदेखील अरबी 'मौसम' या शब्दातून आलेले आहे.

खांदेरीची लढाई आणि लहान गलबते

लहान होड्यांचे सामर्थ्य किती, हे या खाडीने १६७९ साली जगाला दाखवले. शिवाजी महाराजांनी त्या वर्षी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना ते सहन होण्यासारखे नव्हते. त्यांनी 'रिव्हेंज' नावाची मोठी फ्रिगेट आणि काही लहान जहाजे बेटाची नाकेबंदी करण्यास पाठवली. मराठी आरमाराचा सेनानी होता दौलतखान. त्याच्याजवळ 'रिव्हेंज'च्या तोडीचे जहाज नव्हते. होती ती वल्ह्यांवर चालणारी, उथळ तळाची गलबते.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी पहाटे दौलतखानाची पन्नास-साठ गलबते इंग्रजांवर चालून गेली. इंग्रजांचे 'डव्ह' नावाचे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. 'रिव्हेंज'ने मात्र तोफांचा मारा करून गलबतांना मागे रेटले. गलबते परतली ती आपल्याच खाडीत, नागोठण्याच्या पाण्यात. 'रिव्हेंज' पाठलाग करीत खाडीच्या तोंडापर्यंत आली आणि तेथे तिला थांबावे लागले, कारण पुढे तिच्या तळाला पुरेल एवढे पाणी नव्हते. काही दिवसांतच गलबते पुन्हा बाहेर पडू लागली आणि रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोहोचत राहिली. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तडजोड केली व खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. दौलतखान मराठ्यांच्या बाजूने लढत होता, तर जंजिऱ्याचा सिद्दी कासम मोगलांचा सरदार म्हणून विरुद्ध बाजूस होता. त्याने शेजारची उंदेरी घेतली. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या आरमाराचे दोन सुभे सांगितले आहेत. दोनशे-दोनशे जहाजांचे. एकाचा सुभेदार दर्यासारंग मुसलमान आणि दुसऱ्याचा मायनाक भंडारी. हा इतिहास धर्माच्या दोन रकान्यांत मांडता येत नाही. तो पाणी जाणणाऱ्या माणसांचा इतिहास आहे.

एका घरी पाच होड्या कशासाठी?

लढाईत जे खरे ठरले तेच पोटापाण्याच्या धंद्यातही खरे होते. खाडीचे पाणी सर्वत्र सारखे नसते. मिठागराच्या बांधापर्यंत आत जायचे तर हातभर पाण्यात तरंगणारी होडी लागे. भात, मीठ, गवत भरून मुंबईला न्यायचे तर शिडाचा मचवा. बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजातून माल उतरवायचा तर रुंद पोटाचा पडाव. किनाऱ्याकिनाऱ्याने दूरचा पल्ला गाठायचा तर शिबाड किंवा फत्तेमारी. एकीचे काम दुसरीकडून होत नसे. त्यातून एखादी दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढलेली असायचीच. पावसाळ्यात तर सगळ्याच झावळ्यांनी शाकारून ठेवाव्या लागत आणि नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात जात.

शिवाय प्रत्येक होडीमागे विद्या होती. भरती केव्हा येणार याचा हिशेब निरक्षर तांडेलदेखील तोंडी करी. तिथीची पाऊणपट करायची म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या. आमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची, कमी जोराची. खाडीत आत जावे तशी ती आणखी थोडी उशिरा येते. पंचांगातील तिथी आणि आपली चांदाची तारीख, दोन्हींचा चंद्र एकच. त्यामुळे आगरी-कोळी तांडेलाचा आणि मुसलमान नाखव्याचा हिशेबही एकच होता, फरक पडला तर एखाद्या दिवसाचा.

दुसरे कारण जोखमीचे. समुद्रात गेलेली सगळीच वाहने परत येत नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे एका सकाळी गेली. रेवस म्हणजे आपल्या खाडीचेच तोंड. जुनी माणसे अजून त्या दिवसाच्या आठवणी ऐकवतात. ज्याचे सारे भांडवल एका गलबतात, त्याचे एका वादळात सर्वस्व जाई. पाच होड्यांपैकी एक गेली तरी चार उरत आणि घराची चूल पेटती राही.

तिसरे कारण वाटणीचे. आपल्या शरीयतप्रमाणे मुलाला मुलीच्या दुप्पट हिस्सा मिळतो. पत्नी आणि आईबाप हयात नाहीत, डोक्यावर कर्ज नाही, आणि मागे दोन मुलगे व एक मुलगी आहे असे धरा. मालमत्तेचे पाच हिस्से होतात. दोन थोरल्याचे, दोन धाकट्याचे, एक मुलीचा. एकच मोठे गलबत असेल तर ते करवतीने कापता येत नाही. मग ते विकावे तरी लागते, नाहीतर भावाभावांत तंटा ठरलेला. सारख्या किमतीच्या पाच होड्या असतील तर दोन, दोन आणि एक, अशी बिनतक्रार वाटणी होते.

हिशेब असा चोख आहे. आता प्रत्येकाने आपापल्या घरचा जुना हिशेब आठवून पाहावा. ती पाचवी होडी मुलीच्या हाती खरोखर पडली का? की 'लग्नात खर्च केला आहे' असे सांगून ती भावांच्याच खुंट्याला बांधलेली राहिली?

होड्या गेल्या, काय उरले?

आगबोटी आल्या तेव्हा शिडांचे पहिले नुकसान झाले. पुढे रस्ते झाले, पूल झाले, मालमोटारी दाराशी येऊन भात उचलू लागल्या. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली. खाडीत गाळ साठत गेला. ज्या होड्यांवर घराण्याची प्रतिष्ठा उभी होती त्या एका पिढीत कुजून गेल्या किंवा सरपणाच्या भावाने विकल्या गेल्या. आजही खाडीत वाहतूक आहे, पण ती डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे कच्चा माल आणणाऱ्या बार्जांची. त्या बार्जवर काम मिळवायचे तर प्रमाणपत्र लागते. आजोबांच्या पाच होड्यांची आठवण तेथे चालत नाही.

पूर्वजांची चूक ती ही. होड्या वाढवल्या हे योग्यच होते. पण मिळकत आली की पुन्हा होडीच घेतली. होडीमागची विद्या कागदावर उतरली नाही आणि मुलांना दुसरी विद्याही पुरेशी दिली गेली नाही.

सर्वांनीच तसे केले असे मात्र नाही. चौलचे काझी अलाउद्दीन यांनी सुमारे १५८० साली आपल्याच आंबा नदीवर नागोठण्याला दगडी पूल बांधला. त्या काळची गलबते कुठली आता दिसायला! पूल मात्र चार शतके लोकांच्या उपयोगी पडला. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, तेव्हा बद्रुद्दीन तय्यबजींच्या बरोबरीने संस्थापकांत नाखुदा मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान होते. नावातली 'नाखुदा' ही पदवीच त्यांच्या घराण्याचा धंदा सांगते. मुंबईचे जहाजमालक सर मोहम्मद यूसुफ यांनी १९१० मध्ये आपल्याच जिल्ह्यातील न्हावे बेटावर खलाशांच्या प्रशिक्षणाची संस्था काढली. आजची 'ट्रेनिंग शिप रहमान' ती हीच. १९१४ मध्ये त्यांनीच मुसलमान मुलांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले आणि त्यातून १९३० साली जोगेश्वरीचे इस्माईल यूसुफ कॉलेज उभे राहिले. बोटींवर मिळालेला पैसा बोटींहून टिकाऊ कामात घालणारी माणसे आपल्यात होती.

आणि पाचवी होडी मुलीच्या हाती देणारीही होती. बद्रुद्दीन तय्यबजींनी लोकांच्या टीकेची पर्वा न करता आपल्या मुलींना शाळेत घातले. जंजिऱ्याच्या नाझली बेगम यांची बहीण अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी समुद्र ओलांडून इंग्लंडला गेली. तिथली रोजनिशी तिने उर्दूत लिहिली, ती मासिकातून छापली गेली व पुढे पुस्तकरूपाने निघाली. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आज मुलीला तालुक्याच्या कॉलेजात पाठवताना एस. टी.च्या अंतराचे कारण सांगणाऱ्यांनी ती जरूर आठवावी.

पालकांना विनंती

पालक बंधू-भगिनींनो, अनेक घरांत आजही सारे भांडवल एकाच गलबतात घातले जाते. एका मुलाला डॉक्टर करायचे किंवा आखातात पाठवायचे म्हणून जमीन गहाण पडते आणि बाकीच्या मुलांची शाळा आठवी-नववीत सुटते. तो एक मुलगा यशस्वी झाला तर ठीक. त्याची नोकरी गेली किंवा त्याने घराकडे पाठ फिरवली, की सारे घर बुडते. जी चूक आपले निरक्षर तांडेल धंद्यात करीत नव्हते ती आपण शिकलेली माणसे मुलांच्या बाबतीत करतो.

कोणी डॉक्टर होईल, कोणी शिक्षक होईल, कोणी गिरणीचे यंत्र दुरुस्त करील, कोणी न्हाव्याला जाऊन दर्यावर्दी होईल. ज्याची त्याची खोली वेगळी, ज्याचे त्याचे पाणी वेगळे. पण प्रत्येकाला किमान एक होडी द्या, म्हणजे निदान पोट भरेल आणि मान राहील एवढे शिक्षण द्या. आणि हिशेबाला बसाल तेव्हा पाचवी होडी विसरू नका. तालमीच्या वाटणीत तर दुप्पट-निमपटीचा प्रश्नच येत नाही. इल्म मिळवणे जसे मुलावर तसेच मुलीवर फर्ज आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. घरात अजून कोणी बुजुर्ग असतील ज्यांनी मचव्यावर रात्री काढल्या आहेत, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. खाडीच्या कोणत्या वळणावर खडक आहे, कोणत्या वाऱ्याला काय म्हणत, कोणत्या होडीचे नाव काय होते, ते सारे लिहून काढा. होड्या परत येणार नाहीत. पण त्यांच्यामागची विद्या या वेळी तरी कागदावर येऊ द्या.

अल्लाह आपल्या मुला-मुलींना इल्मची दौलत देवो. आमीन.