मार्कारियन ४२१

मार्कारियन ४२१ : सप्तर्षी तारकासमूहातील सक्रिय दीर्घिका. अंतर सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे. आर्मेनियन ज्योतिर्विद बेंजामिन मार्कारियन यांनी जंबुपार प्रकाशात उठून दिसणाऱ्या दीर्घिकांची यादी केली, तीत हिचा क्रमांक ४२१ वा. केंद्रातील महाकाय कृष्णविवरापासून निघालेला, जवळजवळ प्रकाशवेगाचा एक झोत आपल्याच दिशेने रोखलेला आहे. अशा दीर्घिकांना ब्लेझार म्हणतात.

ॲरिझोनातील व्हिपल वेधशाळेच्या १० मी. व्यासाच्या दुर्बिणीला १९९२ मध्ये हिच्याकडून येणारे, १ लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरातील ऊर्जेचे गॅमा किरण आढळले. आकाशगंगेबाहेरून असे किरण येत असल्याचा हा पहिलाच पुरावा. दृश्य प्रकाशकणाची ऊर्जा जेमतेम दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते.

ऊर्जेपेक्षाही विलक्षण आहे तो हिचा लहरीपणा. १५ मे १९९६ रोजी ती अर्ध्या तासात भडकून ओसरलीही. उत्सर्जक प्रदेश ओलांडायला प्रकाशाला लागणाऱ्या वेळेपेक्षा लवकर त्याचे तेज बदलू शकत नाही. आणि अर्ध्या तासात प्रकाश सूर्यापासून गुरूपर्यंतही पोचत नाही. झोताच्या वेगामुळे घटना आपल्याला घाईने घडताना दिसतात, म्हणून ही मर्यादा दसपट सैल केली, तरी तो प्रदेश सौरमालेएवढाच भरतो.

रूढ उपपत्तीनुसार झोतातील वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना क्ष-किरणांपर्यंतचे सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात आणि त्याच प्रारणाच्या कणांना धडका देऊन त्यांचे गॅमा किरण करतात. दोन्ही प्रारणे बहुधा एकदमच वाढतात, हा या उपपत्तीचा मोठा आधार. प्रोटॉनांचा वाटा किती, हे मात्र ठरलेले नाही. २०२२ मध्ये आयएक्सपीई उपग्रहाने हिच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजले; ध्रुवणाची दिशा फिरताना दिसल्याने झोतातील चुंबकीय क्षेत्र मळसूत्री असावे, या मताला बळ मिळाले.

हे गॅमा किरण जमिनीपर्यंत येत नाहीत. वातावरणात त्यांच्यापासून कणांचा वर्षाव होतो व त्याची चेरेंकोव्ह प्रकाशाची निळसर चमक काही अब्जांश सेकंद टिकते. दुर्बिणी टिपतात ती ही चमक. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची माउंट अबू येथील ‘टॅक्टिक’ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेली लडाखमधील हानले येथील ‘हगार’ यांनी हिचे वेध घेतले आहेत. भाभा केंद्राच्याच ‘मेस’ या २१ मी. व्यासाच्या दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये हानलेलाच झाले.

दीर्घिका साधारण १३ व्या प्रतीची आहे. अंधाऱ्या आकाशात २० सेंमी. दुर्बिणीतून ती पुसट ठिपक्यासारखी दिसते. शेजारच्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यामुळे तिची जागा चटकन सापडते.