फ्लोअर जॅक क्रॉसबीम

फ्लोअर जॅक क्रॉसबीम हे मोटारगाडी उचलताना वापरले जाणारे जोडउपकरण आहे. छोट्या चाकांवर सरकणाऱ्या हायड्रॉलिक जॅकच्या डोक्यावर ही आडवी पोलादी तुळई बसवतात व तिच्या दोन टोकांवर गाडीची पुढची किंवा मागची बाजू एकाच वेळी उचलतात. जमिनीलगत बांधणी असलेल्या स्पोर्ट्स कारच्या देखभालीत तिचा विशेष उपयोग होतो. क्रॉसबीम हे केवळ उचलण्याचे साधन आहे. उचललेली गाडी धरून ठेवण्याचे काम जॅक स्टँडचे असते.

पार्श्वभूमी

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा ब्लेझ पास्कल यांचा सिद्धान्त हायड्रॉलिक जॅकचा पाया आहे. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये हायड्रॉलिक दाबयंत्राचे, तर रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये सहज हलवता येणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचे पेटंट मिळवले. आजचा फ्लोअर जॅक याच तत्त्वावर चालतो.

रचना

तुळईच्या मध्यभागी खालच्या बाजूस एक खुंटा असतो. जॅकच्या टोकावरील बशी काढून त्या जागी हा खुंटा बसवतात. म्हणून त्याचा व्यास जॅकच्या छिद्राशी जुळावा लागतो. तुळईवरील दोन आधार आत-बाहेर सरकवता येतात व त्यांवर रबरी गाद्या असतात. जॅक आणि तुळई यांपैकी ज्याची भारक्षमता कमी, तीच संपूर्ण जोडणीची क्षमता मानली जाते.

स्पोर्ट्स कारमधील उपयोग

अनेक गाड्यांत दरवाजांखालच्या कडेला चार उचलबिंदू दिलेले असतात. एकाच बिंदूवर जॅक आणि स्टँड दोन्ही मावत नाहीत. अशा वेळी उत्पादकाने सांगितलेल्या सांगाड्याच्या मजबूत जागांवर क्रॉसबीम लावल्यास कडेचे बिंदू स्टँडसाठी मोकळे राहतात. शिवाय एकच कोपरा उचलल्याने सांगाड्यावर येणारा पीळ टळतो.

बाह्य कवच भार घेण्यासाठी बनवलेले नसते. गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीचे कवच फायबरग्लासचे होते. अशा गाडीचा भार सांगाड्यावरच घ्यावा लागतो. इंजिनाची जागाही महत्त्वाची असते. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी अवंती या गाडीप्रमाणे इंजिन आसनांच्या मागे असल्यास मागच्या चाकांवर अधिक वजन येते. उदाहरणार्थ, १,५०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीचा ६० टक्के भार मागे असेल, तर मागची बाजू उचलताना क्रॉसबीमवर सुमारे ९०० किलोग्रॅम आणि प्रत्येक आधारावर सुमारे ४५० किलोग्रॅम भार येतो.

उचलण्याची पद्धत

गाडी सपाट व कठीण फरशीवर उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून पाचरीसारखे ठोकळे लावतात. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलल्यावर त्याचा उपयोग उरत नाही, त्यामुळे पुढच्या चाकांचे ठोकळे अत्यावश्यक ठरतात.

क्रॉसबीममुळे जॅकची उंची वाढते. तो गाडीखाली शिरत नसल्यास चाके आधी कमी उंचीच्या उतरंडीवर चढवतात. दोन्ही आधार मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून गाडी किंचित उचलतात आणि आधार नीट बसल्याची खात्री करूनच पुढे उचलतात. जॅकची भुजा वर जाताना तिचे टोक कमानीच्या मार्गाने जाते, म्हणून जॅकची चाके मोकळी फिरणे आवश्यक असते. फरशीवरील खड्यात चाक अडकल्यास तुळई उचलबिंदूवरून घसरू शकते.

पुरेशी उंची मिळाल्यावर स्टँड लावून गाडी त्यांवर हळूहळू उतरवतात. ती हलक्या हाताने हलवून स्थिर असल्याचे पाहिल्यानंतरच खाली काम सुरू केले जाते. गाडी उतरवताना खाली कोणी नसल्याची खात्री करतात.

धोके व मर्यादा

जॅकमधील तेलरोधक झिजला किंवा झडप सैल झाली, तर भार कोणत्याही क्षणी खाली येऊ शकतो. केवळ जॅक किंवा क्रॉसबीमवर उचललेल्या गाडीखाली शिरणे त्यामुळे प्राणघातक ठरू शकते. तुळई एकाच खुंट्यावर टेकलेली असल्याने दोन्ही बाजूंचा भार असमान झाल्यास ती कलते. वाकलेली किंवा जोडाला तडा गेलेली तुळई वापरातून काढून टाकतात. विटा, दगड किंवा लाकडी ओंडके यांचा स्टँडऐवजी वापर सुरक्षित नसतो. विटा व दगड भाराखाली अचानक फुटू शकतात.

डोंगरी भागातील वापर

क्रॉसबीम हे गॅरेजमधील साधन असून रस्त्याकडेला त्याचा वापर अयोग्य ठरतो. पुणे जिल्ह्यातील मार्गासनी हे गाव नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. राजगड आणि तोरणा या किल्ल्यांकडे जाणारी वाहने या भागातून जातात. अशा डोंगरी रस्त्यांच्या कडेचा उतार, मुरूम आणि पावसाळ्यातील चिखल यांत फ्लोअर जॅकची लहान चाके रुततात व गाडी कलण्याचा धोका वाढतो. अशा ठिकाणी बिघाड झाल्यास कमी उंचीची गाडी सपाट तळाच्या वाहनावर चढवून गॅरेजमध्ये नेणे अधिक सुरक्षित असते.