शाळा सुटल्यावर मूल कोणाचे?

भगिनींनो, स्मरणिकेसाठी मी लोणची-पापडांवर लिहावे अशी चिटणीसबाईंची दर वर्षी इच्छा असते. यंदा थोडा निराळा विषय घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, कायद्यातले बारकावे मला कुठले ठाऊक! पण वकिली शिकणाऱ्या माझ्या थोरलीने अमेरिकेतील काही खटल्यांची हकीकत सांगितली, आणि वाटले की हा प्रश्न आपणा प्रत्येकीच्या उंबऱ्याशी आला आहे. मुलाने घरी बसून मोबाइलवर काही वेडेवाकडे लिहिले, तर शाळेने त्याला शिक्षा करावी काय?

मोबाइल नवा असला तरी प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात एक ११ वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर घरी गेला. तासा-दीड तासाने वडिलांची गाय हाकीत तो मास्तरांच्या दारावरून चालला होता. इतर मुलांच्या देखत आणि मास्तरांच्या कानी पडेल असे तो ‘म्हातारा जॅक सीव्हर’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याला चाबकाने मारले. प्रकरण कोर्टात गेले. १८५९ साली न्यायालयाने सांगितले, की घरी परतलेले मूल आईबापांच्या ताब्यात असते हे खरे. परंतु ज्या बोलण्याने मास्तरांचा मान आणि शाळेची शिस्त थेट बिघडते, त्याबद्दल मास्तर शिक्षा करू शकतात.

आपल्याकडेही असा प्रसंग घडलेला आहे. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, ती फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात नव्हे. तरीही तीत पुढाकार घेणारे विद्यार्थी सावरकर यांना कॉलेजने १० रुपये दंड केला व वसतिगृहातून काढले. टिळकांनी ‘केसरी’तून त्यावर कडक टीका केली. म्हणजे शाळा-कॉलेजाचा हात आवाराबाहेर कुठवर पोचावा, हा वाद आपल्या आजोबा-पणजोबांनीही ऐकलेला आहे.

पुढे १९६५च्या डिसेंबरात अमेरिकेतील डे मॉइन गावी १३ वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा भाऊ आणि आणखी काही मुले दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. व्हिएतनामच्या युद्धात मेलेल्यांचा तो दुखवटा होता. शाळेने त्यांना घरी धाडले. १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांची बाजू उचलून धरली. शाळेच्या फाटकातून आत शिरले म्हणून मूल आपले स्वातंत्र्य बाहेर ठेवून येत नाही. शिकवण्यात मोठा व्यत्यय येत असेल किंवा दुसऱ्याच्या हक्कावर गदा येत असेल, तरच शाळेने त्याचे तोंड बंद करावे, असे ठरले.

हे झाले शाळेतल्या वागण्याचे. घरून टाकलेल्या मजकुराचे काय, याचा निकाल २०२१ साली लागला. पेनसिल्व्हेनियातील महनॉय या गावच्या नववीतल्या एका मुलीला सामन्यांच्या वेळी संघाला उत्तेजन देणाऱ्या मुख्य पथकात जागा मिळाली नाही, दुय्यम पथकावर भागवावे लागले. २०१७ सालची ही गोष्ट. शनिवारी एका दुकानात असताना तिने रागाच्या भरात स्नॅपचॅटवर बोट दाखवणारा फोटो आणि शाळेला, पथकाला शिवी, असे टाकले. एका दिवसात ते आपोआप पुसले जायचे. पण कोणीतरी त्याची प्रत काढून ठेवली आणि ती शिक्षिकेपर्यंत गेली. मुलीला वर्षभरासाठी पथकातून काढले. आईवडील कोर्टात गेले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी मुलीच्या बाजूने निकाल दिला. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी गाय हाकणाऱ्या मुलाचा तोच जुना निवाडा पुढे केला होता!

निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रेयर यांचे म्हणणे मला फार पटले. शाळेत मास्तर आईबापांच्या जागी उभे असतात, घरी मात्र आईबाप स्वतःच असतात. शाळेने घरीही हुकूम चालवला, तर मुलाला दिवसाच्या २४ तासांत मोकळे बोलायला जागाच उरणार नाही. पण त्यांनी शाळेचे हात साफ बांधले नाहीत. कोणा मुलाचा किंवा मुलीचा सतत छळ होत असेल, शिक्षकांना अथवा मुलांना धमक्या येत असतील, तर मजकूर घरून टाकलेला असला तरी शाळेला मध्ये पडता येते. एखाद्या मुलीला गटात मिळून रडकुंडीला आणणे आणि स्वतःचा राग ओकणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

मला यातून एवढे समजले, की शाळेचा अधिकार हा आपण तिला उसना दिलेला असतो. शेजारणीकडे दिलेले पातेले जसे संध्याकाळी घरी येते, तसा तो शाळा सुटताच आपल्याकडे परत येतो. अधिकार परत आला की जबाबदारीही आलीच. ‘शाळा आमच्या मुलाला का बोलली?’ असे विचारायला आपण चटकन उठतो. पण रात्री दहा वाजता तो मोबाइलवर कोणाला काय लिहितो, हेही आपणच विचारले पाहिजे. त्याला धाक दाखवून नव्हे, जवळ बसवून. घरात त्याचा राग ऐकून घेणारे कोणी असेल, तर तो चारचौघांपुढे मांडायची गरज त्याला कमी पडेल. आपल्या मंडळातील प्रत्येक आईने एवढे मनावर घ्यावे, हीच विनंती.