गॅलार्डिया

ॲस्टरेसी कुलातील फुलझाड. मराठीत ‘गलांडा’ हे नावही रूढ आहे. झेंडू, शेवंती व इकिनेशिया याच कुलातील. इकिनेशियाप्रमाणे याचेही मूलस्थान उत्तर अमेरिका.

जाती व प्रकार : महाराष्ट्रात सुट्या फुलांसाठी लावतात ती गॅलार्डिया पल्चेला ही जाती वर्षायू, तर अरिस्टाटा बहुवर्षायू आहे. ग्रँडिफ्लोरा हा या दोहोंचा बहुवर्षायू, पण अल्पायुषी संकर १८५७ मध्ये बेल्जियममध्ये आढळला. पल्चेलाच्या ‘पिक्टा’ प्रकाराची फुले एकेरी व मोठी असतात. ‘लोरेंझियाना’ची दुहेरी व भरगच्च असून पुष्पके नळीसारखी असतात.

वर्णन : झाड लवदार, ३० ते ६० सेंमी. उंच. फूल म्हणजे अनेक पुष्पकांचे स्तबक. एकेरी फुलात मधले बिंब बहुधा तांबूस-तपकिरी, तर कडेची किरण-पुष्पके तांबडी व टोकाला पिवळी असतात. सुकलेल्या बोंडातील केसाळ, शंकूसारखी फळे हेच लागवडीचे ‘बी’.

रोपे : बी गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये ओळीने पेरून चाळलेल्या खताने जेमतेम झाकतात, खोल गेले तर उगवण घटते. इकिनेशियाच्या बियांना अनेकदा ओल्या थंडीत ठेवावे लागते, गॅलार्डियाच्या बियांना तशी गरज नाही. एक ते दोन आठवड्यांत बी उगवते. चार-पाच पानांची, साधारण महिना-दीड महिन्याची रोपे ४५ × ३० सेंमी. अंतरावर लावतात. पेरणीपासून तीन ते चार महिन्यांत फुले सुरू होतात. हलकी जमीन व पाण्याचा ताण झाड सोसते, पण साचलेले पाणी सोसत नाही. नत्र जास्त झाल्यास पाला माजतो आणि फुले कमी लागतात.

मोरिवलीतील हंगाम : देशावर मे-जूनमध्ये पेरून दसऱ्याच्या सुमारास तोडा धरता येतो. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथमधील मोरिवलीला हे वेळापत्रक अडचणीचे ठरते. कोकणच्या संततधार पावसात मूळकूज होते व उमललेली फुले सडतात. तेथे पाऊस ओसरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरणी सोयीची. बहर हिवाळ्यात येऊन उन्हाळ्यापर्यंत टिकतो. औद्योगिक व दाट वस्तीच्या या भागात जागा मुख्यतः गच्ची आणि गॅलरीची. तळाला भोके असलेली कुंडी, माती-शेणखतात मिसळलेली वाळू आणि दिवसाचे सहा तास ऊन एवढे पुरते. सुकलेली फुले खुडत राहिल्यास नवी येत राहतात.

बीजधारणा : परागण मुख्यतः मधमाश्या व इतर कीटकांमार्फत आणि बहुधा परस्पर होते. त्यामुळे दोन प्रकार शेजारी लावल्यास घरच्या बियांपासून रंग व आकार जसाच्या तसा उतरत नाही. वाण राखायचा असेल तर तो वेगळा लावून, निवडक झाडांवरील बोंडे पूर्ण वाळल्यावर काढतात.

उपयोग : हार, तोरणे, पूजा व सजावट. पूर्ण उमललेली फुले देठाविना, सकाळी किंवा संध्याकाळी तोडतात. दादर व कल्याण हे मोरिवलीहून रेल्वेने गाठता येणारे फूलबाजार.