बौद्ध पद्धतीचे लग्न, बेताचा खर्च : नवी मुंबईतील कुटुंबांसाठी

बौद्ध विवाहाला काय काय लागते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी लिहून ठेवले आहे. ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात त्यांनी सांगितलेला विधी असा : होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाटावर मातीचे नवे मडके ठेवायचे, ते काठोकाठ पाण्याने भरायचे. त्यात सुती दोरा सोडून त्याची दोन टोके दोघांनी हातात धरायची. कोणीतरी मंगल सुत्त म्हणायचे. दोघांचे कपडे पांढरे असावेत. कपडे सोडले तर हे सगळे साहित्य एका पिशवीत मावते.

मग आपल्या लग्नांचा खर्च लाखांत का जातो? विधीवर तो होत नाही. तो होतो हॉल, पाचशे ताटे, डीजे, मानपानाच्या साड्या, ड्रोन कॅमेरा आणि पुढाऱ्यांच्या फोटोंच्या बॅनरवर. कोपरखैरणे-घणसोलीतली माथाडी कुटुंबे असोत, तुर्भे-दिघ्यातली वस्ती असो, की कामोठ्यात भाड्याने राहणारे नोकरदार, लग्न ठरले की पतपेढीचे कर्ज, बचत गटाची उचल आणि पीएफचा अर्ज एकाच महिन्यात निघतो. त्यातच नव्या जोडप्याला स्वतंत्र राहायचे असेल तर भाड्याच्या घराचे डिपॉझिट लागते. तेही त्याच खिशातून जाते. चार तासांच्या कार्यक्रमासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते दोघे तीन-चार वर्षे भरत राहतात आणि दहा बाय दहाच्या खोलीत सासू-सुनेला एकमेकींच्या अंगावर राहावे लागते. आमचा आग्रह साधेपणाच्या उपदेशासाठी नाही, या डिपॉझिटसाठी आहे.

साधे लग्न म्हणजे गरिबाचे लग्न, ही समजूत आपल्या परंपरेत बसत नाही. पहिला सत्यशोधक विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात झाला. भटजीशिवाय, अगदी किरकोळ खर्चात आणि जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुढाकाराने. बाबासाहेबांचे रमाईशी लग्न भायखळ्याच्या बाजारात लागले, दिवसाचा बाजार उठल्यावर, तिथल्याच ओट्यांवर वऱ्हाड बसवून. ते परिस्थितीमुळे. पण १५ एप्रिल १९४८ ला ते देशाचे कायदामंत्री होते, आणि तेव्हाही डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह त्यांनी दिल्लीत राहत्या घरी नोंदणी पद्धतीनेच केला.

तारीख : आपल्या हातातली सर्वात मोठी सूट

आपण मुहूर्त पाळत नाही. पैशाच्या भाषेत याची किंमत किती आहे, हे फार थोड्या घरांना कळले आहे. हॉल, आचारी, मंडप, फोटोवाला, सगळ्यांचे दर मुहूर्तांवर चढतात. आणि मुहूर्त न मानणारे आपण मात्र मे महिन्यातला रविवार धरून बसतो, बाकी सगळे धरतात तोच.

नवी मुंबईच्या हवेचा विचार केला तर दोन काळ उत्तम. एक, अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो तेव्हापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे जवळजवळ चार आठवडे. पाऊस गेलेला असतो, लग्नसराई सुरू झालेली नसते, फक्त दिवाळीचे दिवस टाळायचे. दुसरा पौष, म्हणजे साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारी. या महिन्यात बहुतेक हिंदू घरे लग्न टाळतात, हॉल मोकळे असतात आणि हवा गार असते, त्यामुळे एसी हॉलचा हट्टही सुटतो. आषाढ-श्रावणातही हॉल स्वस्त मिळतो, पण तेव्हा वर्षावास असतो. भिक्खू एका ठिकाणी थांबतात, विहारांत ग्रंथवाचन चालू असते, आणि पावसात वऱ्हाडाचे हाल होतात ते वेगळेच.

काही तारखा मात्र टाळा. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, १ जानेवारी आणि त्यांच्या आगेमागचे दोन दिवस. बौद्धाचार्य मिळणार नाहीत, आणि अर्धे पाहुणे नागपूरला, चैत्यभूमीला किंवा भीमा कोरेगावला असतील.

वाराचेही एक गणित आहे. रविवारी हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असला की चेंबूर, कुर्ला, घाटकोपरहून येणारी मंडळी दुपारी जेवणाच्या वेळी अजून मानखुर्दलाच असतात. शनिवारची संध्याकाळ धरली तर हा प्रश्न येत नाही, आणि बऱ्याच हॉलवाल्यांचा दरही रविवारपेक्षा कमी असतो. विचारून पाहा.

जागा

नवी मुंबईत महापालिकेची बहुउद्देशीय सभागृहे आहेत, सिडकोच्या काळापासूनची समाजमंदिरे आहेत, वसाहतींचे स्वतःचे छोटे हॉल आहेत. चकचकीत बँक्वेटपेक्षा यांचे भाडे कमी असते. बुकिंगला जाताना चार गोष्टी लिहून घ्या : अनामत किती आणि परत कधी मिळणार, स्वयंपाकाला स्वतःचा आचारी चालतो का, वीज आणि सफाईचे पैसे वेगळे आहेत का, हॉल किती वाजता रिकामा करायचा. ‘आमचाच केटरर घ्यावा लागेल’ ही अट असलेला स्वस्त हॉल शेवटी महाग पडतो.

रेल्वे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आतली जागा मिळाली तर वऱ्हाडाच्या बसचा आणि पार्किंगचा खर्च बराच वाचतो. विहाराला सभागृह जोडलेले असेल तर विधी विहारात आणि जेवण बाहेर मंडपात, ही सर्वात सुटसुटीत व्यवस्था. ज्यांची मुळे सातारा, सोलापूर, जालना किंवा महाडकडे आहेत त्यांच्यावर हल्ली गावी एक जेवण आणि इथे एक रिसेप्शन असा दुहेरी भार पडतो. आमचे मत स्पष्ट आहे : एकच जागा निवडा. गावच्या वृद्ध मंडळींना इकडे आणणे अवघड असेल तर लग्न गावी लावा, आणि इथल्या मित्रांना नंतर घरी चहाला बोलवा.

ताटे

खर्च ठरतो तो पाहुण्यांच्या आकड्यावर. ताटामागे समजा ३५० रुपये धरले तर ५०० माणसांचे १,७५,००० होतात आणि १५० माणसांचे ५२,५००. मधले १,२२,५०० रुपये हेच ते डिपॉझिट. यादी करताना आम्ही एक कसोटी सुचवतो : वधू किंवा वर ज्यांना नावाने ओळखतात तेच. वडिलांच्या कामावरचा सगळा विभाग, भावाचे मंडळ आणि ‘त्यांनी आपल्याला बोलावले होते’ म्हणून येणारे, यांना फोनवर निमंत्रणाऐवजी आनंदाची बातमी द्या. दुखावतील थोडे. पुढच्या लग्नात तेही हेच करतील.

आचारी मजुरीवर ठरवून किराणा स्वतः आणला तर खर्च बराच उतरतो, आणि त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. वाशीच्या एपीएमसीत दाणाबाजार, मसाला, कांदा-बटाटा, भाजी आणि फळे अशी पाचही मार्केटे शेजारी-शेजारी आहेत. ओळखीचा माथाडी कामगार प्रत्येक वस्तीत सापडतोच, त्याला सोबत न्या. आचाऱ्यांच्या हिशेबात भाताबरोबर पुरी असेल तर शंभर माणसांना साधारण दहा किलो तांदूळ पुरतो. पुरी, वांगे-बटाट्याची भाजी, वरण-भात, एक कोशिंबीर, एक गोड. एवढे गरम आणि वेळेवर वाढले तर कोणी काउंटर मोजत बसत नाही. पंगत बसवून वाढले तर अन्न कमी वाया जाते, आणि वाढायला उभी राहणारी भावंडे हीच लग्नातली खरी धमाल असते.

हळद धम्मात बसते की नाही, हा वाद आम्ही इथे उकरत नाही. पैशापुरते बोलायचे तर आदल्या रात्री मटणाचे जेवण, बेंजो आणि डीजे हे दुसरे लग्नच होऊन बसले आहे. आगरी-कोळी शेजाऱ्यांची हळद पाहून आपण ती उचलली, पण त्यांच्याकडे ती परंपरेची आणि भावकीने मिळून उचलायची आहे. आपल्याकडे ती एकट्या बापाच्या अंगावर येते. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक कायद्याने बंदच आहे, तेव्हा पाचशे लोकांची वरात घेऊन पोलिसांशी हुज्जत घालण्यापेक्षा घरच्या पंचवीस-तीस जणांत हळद लावा, ढोलकी आणा.

लग्न आपले वाटावे म्हणून

त्रिशरण-पंचशील, पूजा आणि मंगल सुत्त हा विधी अर्ध्या तासात होतो. हा अर्धा तास आपण गोंगाटात घालवतो. फोटोवाला भंतेंच्या पुढे उभा, मागे जेवणाची रांग, बौद्धाचार्यांचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. विधी होईपर्यंत जेवण सुरू न करणे, एवढ्या एका फुकट गोष्टीने लग्नाची शोभा वाढते. पाली गाथांचा मराठी अर्थ कोणी दोन-दोन वाक्यांत सांगितला तर आलेल्या इतर समाजाच्या मित्रांनाही कळते काय चालले आहे. विधीसाठी भिक्खूंनाच आणले पाहिजे असे नाही. भारतीय बौद्ध महासभेचे प्रशिक्षित बौद्धाचार्य हे काम करतात. भिक्खूंना आशीर्वादासाठी निमंत्रण द्या, भोजनदान वेळेत करा.

प्रतिज्ञा वधू-वरांनी स्वतः लिहाव्यात. छापील वाक्ये राहू द्या, त्यांच्या जोडीला तीन-तीन ओळी आपल्या. ‘रात्रपाळी असली तरी डबा मी करीन’, ‘तुझी एमपीएससी होईपर्यंत घरभाडे मी पाहीन’, असे खरे काहीतरी. मंडप हसतो, आणि दोन्हीकडच्या आया ते लक्षात ठेवतात.

करमणुकीला डीजेऐवजी दोन-तीन तासांसाठी भीमगीतांचे कलापथक बोलवा. वामनदादांची गाणी येणारे गायक प्रत्येक नगरात आहेत, आणि त्यांना मानधनाची गरज असते. उखाण्यांची स्पर्धा लावा, पण नवऱ्या मुलालाही घ्यायला लावा. आज्यांना माइक द्या. भीम आणि बुद्ध गुंफलेले जुने उखाणे त्यांच्या तोंडी आहेत आणि ते कोणी लिहून ठेवलेले नाहीत. एका भावाने फोनवर ते रेकॉर्ड केले तर तो या लग्नाचा सर्वात मोलाचा व्हिडिओ ठरेल.

फोटोंसाठी लोणावळ्याला जायचे कारण नाही. हिवाळा ते उन्हाळा नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात. सकाळच्या उन्हात पांढऱ्या कपड्यांतले दोघे आणि मागे तो गुलाबी थवा, याला स्टुडिओचा पडदा पुरणार नाही. फक्त आवाज करू नका आणि चिखलात उतरू नका.

पत्रिका मोबाइलवर पाठवा, वडीलधाऱ्यांसाठी पन्नास छापा. त्यात ‘प्रेषक’ म्हणून चाळीस नावे घालण्याची चाल बंद झाली तर निम्मे रुसवे-फुगवे संपतील. त्याच पत्रिकेत लिहा की आहेर साडी-टोपीचा नको. द्यायचाच तर पुस्तक किंवा दोघांच्या नावाच्या खात्यात रक्कम.

पैसे कोणी द्यायचे

‘आम्हाला हुंडा नको, फक्त लग्न चांगले करून द्या’ हे वाक्य आपल्या सुशिक्षित घरांतही ऐकू येते. हा हुंडाच आहे, फक्त तो केटररच्या खात्यात जातो. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा हे सुपारीच्या म्हणजे साखरपुड्याच्या बैठकीतच ठरवा. एक वही ठेवा, दोन्हीकडचा एकेक माणूस त्यात लिहील. वधू-वर कमावते असतील तर त्यांचा तिसरा वाटा असावा आणि यादीवर शेवटचा शब्दही त्यांचाच.

सामुदायिक विवाहात सहभागी होणाऱ्या अनुसूचित जाती, नवबौद्ध जोडप्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची मदत आहे, आणि आंतरजातीय विवाहासाठी वेगळे प्रोत्साहन अनुदान आहे. पहिल्या योजनेचे नाव ‘कन्यादान’ आहे. मुलगी दान करण्याची वस्तू नाही म्हणून ज्यांनी तो विधीच टाकला त्यांना या नावाच्या अर्जावर सही करावी लागते. नाव खटकले तरी पैसे आपल्या हक्काचे आहेत. समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात लग्नाच्या आधीच चौकशी करा.

कागद

बौद्ध महासभेचे किंवा विहाराचे प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोंदणी नव्हे. ते जपून ठेवा, पण महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करा. दिघा ते बेलापूर राहणाऱ्यांनी नवी मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयात जावे, खारघर, कामोठे, कळंबोलीकरांनी पनवेल महापालिकेकडे. तीन साक्षीदार लागतात, आणि विधी लावणाऱ्यांची माहिती व सही. म्हणून बौद्धाचार्यांची सही त्याच दिवशी मंडपात घेऊन टाका, नंतर त्यांना शोधत फिरावे लागते.

हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू आहे. ज्यांना ते मान्य नाही, किंवा जोडीदार दुसऱ्या धर्माचा आहे, त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. यात दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहत असेल तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, खारघरपासून पुढचा रायगडमध्ये, हे बघून अर्ज करा. नोटीस ३० दिवस लागते, आणि दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लावले नाही तर ती पुन्हा द्यावी लागते. हॉलची तारीख त्या हिशेबानेच घ्या : आधी नोटीस, मग बुकिंग.