हॉकी स्टिकचा बाक : कोणत्या खेळाडूने कोणता घ्यावा?

बुलढाणा, चिखली, मेहकर परिसरातील युवक-युवती स्टिक घेण्याआधी आम्हाला विचारतात, "लो बो घेऊ का?" टीव्हीवरचे खेळाडू ती वापरतात, म्हणून आपणही घ्यावी असे वाटते. घरच्यांनी मजुरीतून जमवलेले पैसे चुकीच्या स्टिकवर जाऊ नयेत, यासाठी ही माहिती.

स्टिक पूर्ण सरळ नसते. तिला असलेल्या वाकाला बाक म्हणतात. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमानुसार तो २५ मिमीपेक्षा जास्त नसावा आणि त्याचा सर्वोच्च बिंदू डोक्याच्या टोकापासून २०० मिमीच्या आत नसावा. स्टिकचे वजन ७३७ ग्रॅमपर्यंत चालते.

बाकाचे मुख्य तीन प्रकार आहेत.

रेग्युलर बो : सर्वोच्च बिंदू दांड्याच्या मध्याकडे, साधारण ३०० मिमीवर. चेंडू अडवणे, सरळ फटका, जमिनीलगतचा पास यांना उत्तम. नवशिके आणि बचावपटू यांच्यासाठी.

मिड बो : बिंदू सुमारे २५० मिमीवर. फटका आणि ड्रिबलिंग दोन्ही जमते. मधल्या फळीला सोयीची.

लो बो : बिंदू २०० मिमीच्या जवळ. चेंडू वाकात बसून घसरत जातो, म्हणून ड्रॅग फ्लिक आणि उचललेले पास सोपे होतात. मात्र तंत्र पक्के नसेल तर साधा फटकाही हवेत उडतो आणि समोरच्याला इजा होऊ शकते.

दुकानात तपासणी सोपी आहे. सपाट बाजू खाली करून स्टिक टेबलावर ठेवा. सर्वांत मोठी फट कुठे पडते ते पाहा आणि डोक्यापासून तिथपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. प्रकार लगेच कळतो.

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. आपल्याकडे बहुतेक शाळांची मैदाने मातीची आहेत. तिथे चेंडू आधीच उसळतो, म्हणून सुरुवातीला रेग्युलर किंवा मिड बो घ्यावी असे आम्ही सुचवतो. संघात ड्रॅग फ्लिक मारणारा एखादाच असतो. मंडळाने वर्गणीतून त्याच्यापुरती एक लो बो घेतली तरी भागते.

पुण्याच्या खडकीतील धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या स्टिकने खेळले आणि पुढे १९९२ ते २००४ अशा चार ऑलिम्पिकमध्ये उतरले. महागडी स्टिक नाही म्हणून कोणी मैदान सोडू नये. आधी आपला खेळ ओळखा, मग बाक निवडा.