ठिणगी वेगळी का ठेवली?
१९०३ साली राइट बंधूंचं विमान उडालं, तेव्हा इंजिन सुरू करायची बॅटरी जमिनीवरच राहिली होती. हवेत ठिणगी देत होता मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यावर वीज तयार करणारं चुंबकी यंत्र. १९३८च्या साध्या पायपर कबमध्येही बॅटरी नव्हती. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचे. पुढे स्टार्टर, दिवे, रेडिओ आले, म्हणून बॅटरी आणि जनरेटर आले. १९५६च्या सेसना १७२मध्ये ते दोन्ही होते. पण मॅग्नेटो त्यांच्यापासून वेगळेच ठेवले, आणि तेही दोन. का बरं? समजा, उड्डाणात जनरेटर बंद पडला. बॅटरी संपली की दिवे जातात, रेडिओ गप्प होतो. इंजिन मात्र चालूच राहतं, आणि वैमानिक धावपट्टी गाठू शकतो.